दांडा, खांदा आणि मधले दिवस

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात, म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या पट्ट्यात, माणसाने स्वतःचे वजन उंचावर नेणे ही व्यायामशाळांच्या फार आधीपासूनची, पोटापाण्याची गोष्ट आहे. कारण माडाचे फळ चाळीस-पन्नास फुटांवर धरते आणि ते उतरवायचे तर कोणाला तरी वर चढावेच लागते. याच पट्ट्यातील किहीमसारख्या गावात आज स्वतःचे वजन उचलण्याचा आणखी एक प्रकार ओळखीचा झाला आहे, तो म्हणजे आडव्या लोखंडी दांड्याला लोंबकळून हनुवटी दांड्याच्या वर नेण्याचा. व्यायामशाळेत त्याला पुल-अप म्हणतात आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले त्याला ‘बीम मारणे’ म्हणतात. या व्यायामाबद्दल दोन प्रश्न सतत विचारले जातात: तो आठवड्यातून किती वेळा करावा, आणि तो केल्याने खांद्याला किंवा कोपराला इजा होते का. हे प्रश्न बहुधा सुटे सुटे विचारले जातात, परंतु ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की पहिल्याचे उत्तर चुकले म्हणजे दुसऱ्याचे उत्तरही बदलते. हाच व्यायाम योग्य अंतराने केला तर खांदा बळकट करतो आणि अंतर न राखता केला तर तोच खांदा महिनोन्‌महिने दुखवतो.

माडावर चढणाऱ्याची हालचाल नीट पाहिली तर या विषयातील पहिली महत्त्वाची गोष्ट हाती लागते. चढणारा माणूस दोन्ही पावलांत दोराचा फास अडकवतो, किंवा खोडावर आधीच पाडलेल्या खाचांत पावले रोवतो. दोन्ही हातांनी खोड छातीच्या उंचीवर कवटाळतो. गुडघे दुमडून पावले वर घेतो, तळव्यांनी खोड दाबून धरतो आणि मग पाय सरळ करून सगळे शरीर वर लोटतो. हात या काळात शरीराला खोडापासून दूर जाऊ देत नाहीत, तोल राखतात, पुढची पकड घेतात. पण वजन वर ढकलण्याचे मुख्य काम मांड्यांचे स्नायू करतात, जे शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत. त्यामुळे एकामागून एक माड चढणाऱ्या माणसाच्या खांद्यावर येणारा ताण, वरवर पाहता वाटतो त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. त्याला खरा धोका असतो तो पडण्याचा, आणि तो धोका इतका मोठा आहे की यंत्राच्या साहाय्याने चढण्याची सोय जिथे जिथे होईल तिथे ती स्वीकारली जाणे हेच योग्य.

महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेतही हातांना असे एकटे सोडलेले दिसत नाही. मल्लखांबाचा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात सापडतो असे मानले जाते. दीर्घ खंडानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी त्याला नवे रूप दिले. खांब गुळगुळीत, एरंडेल तेल चोळलेला, आणि त्यावर चढणाऱ्याची खरी पकड मांड्यांची व पायांची. दोरीच्या मल्लखांबात तर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरून शरीर तोलले जाते. मुंबईत शिवाजी पार्कवर १९२५ पासून चालत आलेल्या समर्थ व्यायाम मंदिरात मुलामुलींच्या पिढ्या हेच शिकल्या, २०१९ मध्ये त्याच मैदानावर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि या संस्थेचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांत संपादित केलेला व्यायामज्ञानकोश ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकाला शरीराच्या अभ्यासाकडे गंभीरपणे पाहण्याची सवय नवी नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आडवा दांडा मात्र वेगळ्या परंपरेतून आला. बर्लिनजवळच्या हाझेनहाइड येथे फ्रीडरिख लुडविग यान याने १८११ मध्ये उघड्यावरचे व्यायाममैदान सुरू केले आणि तेथे रुळलेली दांड्यांची साधने पुढे लष्करी शिक्षणातून व शाळांमधून जगभर पसरली. या दांड्यावर पायांना काम उरत नाही. साठ-पासष्ट किलोंचे सगळे शरीर दोन तळहातांच्या पकडीवर, दोन कोपरांवर आणि दोन खांद्यांवर येते, आणि ते एकदाच येत नाही तर प्रत्येक फेरीला पुन्हा पुन्हा येते.

लोंबकळण्याच्या विद्येत माणूस किती उणा आहे हे समजून घ्यायला किहीमपेक्षा चांगली जागा सापडणार नाही, कारण सालीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास याच गावात केला. जर्मनीतून परतल्यावर नोकरी राहिली नाही म्हणून १९३० मध्ये ते किहीमला राहायला आले, आणि तेथे सुगरणीच्या वसाहतीचे रोज निरीक्षण करून नर अर्धवट खोपा विणतो, मादी तो पारखते, पसंत पडला तर नर तो पुरा करतो आणि मग दुसरा खोपा व दुसरी मादी यांच्या मागे लागतो, हा क्रम त्यांनी मांडला. हे सगळे विणकाम नर लोंबकळत करतो, पुष्कळदा उलटा टांगून करतो, आणि त्याला त्याचे श्रम पडत नाहीत. कारण बहुतेक पक्ष्यांच्या बोटांतील कंडरांवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरांवर, बारीक उंचवटे असतात, ते भोवतालच्या आवरणातील कंगोऱ्यांत अडकतात आणि वजन आले की पकड आपोआप कुलूपबंद होते. वटवाघळांच्या पायांतही अशीच रचना असल्यामुळे ती झोपेत टांगलेली राहू शकतात. माणसाच्या हातात असे कुलूप नाही. त्याने दांडा धरला की बोटे मिटून ठेवण्यासाठी कोपराखालच्या हाताचे स्नायू क्षणोक्षणी आकुंचन पावत राहतात, आणि म्हणूनच पुष्कळ नवशिक्यांची पाठ दमण्याआधी मूठ सुटते.

एका पुल-अपमध्ये काय काय घडते ते सावकाश पाहण्यासारखे आहे. हात ताठ करून माणूस लोंबकळतो तेव्हा खांदे कानांजवळ जातात आणि खवाटा, म्हणजे पाठीवरचे फऱ्याचे त्रिकोणी हाड, वर सरकून बाहेर फिरतो. चांगला प्रशिक्षक पहिली सूचना देतो ती कोपर न वाकवता खांदे खाली ओढण्याची. हे काम पाठीच्या मध्यातून खवाट्याकडे जाणारे स्नायू करतात. त्यानंतर बगलेखालून कमरेपर्यंत पसरलेला पाठीचा रुंद स्नायू, ज्याला शरीरशास्त्रात लॅटिसिमस डॉर्सी म्हणतात, दंडाचे हाड खाली व मागे खेचतो, दंडाचे पुढचे स्नायू कोपर दुमडतात, पोटाचे स्नायू धड हेलकावू देत नाहीत आणि हनुवटी दांड्याच्या वर जाते. उतरताना हेच स्नायू ताणाखाली हळूहळू लांब होतात. वर जाण्यापेक्षा उतरणे सोपे वाटते, परंतु दुसऱ्या दिवशीची ठणक मुख्यतः या उतरण्यातून येते, कारण लांब होताना भार सोसणाऱ्या स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते. ज्याने पहिली सूचना पाळली नाही, म्हणजे खांदे कानांशी ठेवूनच जो झटक्याने वर गेला, त्याच्या बाबतीत पाठीने उचलायचा भार सांध्याच्या मऊ भागांवर पडतो.

हा सांधा मुळातच चलनवलनासाठी स्थैर्याचा बळी देऊन घडलेला आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा खवाट्याच्या छोट्या खोलगटीत उथळ बशीत ठेवलेल्या लिंबासारखा बसतो. त्याला जागेवर धरतात ते भोवतीचे चार लहान स्नायू व त्यांच्या कंडरा, ज्यांच्या समूहाला रोटेटर कफ असे नाव आहे. यांपैकी वरची कंडरा हाडाच्या कमानीखालच्या अरुंद जागेतून जाते आणि हात डोक्यावर असताना ती जागा आणखी आकसते. तेथे कंडरा चिमटली जाणे हे दांड्यावरच्या खांदेदुखीचे एक कारण मानले जाते. झाडांवर लोंबकळत हिंडणाऱ्या वानरांच्या खवाट्याची खोलगटी वरच्या दिशेला झुकलेली असते, माणसाची बाजूला वळलेली असते. माणसाचा खांदा लोंबकळू शकतो, पण दिवसभर लोंबकळण्यासाठी तो राहिलेला नाही.

पकड कशी असावी यावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील प्रिनोल्ड आणि बुल या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उपयोगी आहे. खवाट्याची हालचाल मोजून त्यांनी तीन प्रकार ताडून पाहिले, आणि खांद्यांपेक्षा फार रुंद पकडीत व तळवे स्वतःकडे वळवलेल्या उलट्या पकडीत सांधा अशा टोकाच्या स्थितीत जातो की कंडरा चिमटण्याची शक्यता वाढते, असे त्यांना दिसले. अभ्यासातील माणसे थोडी होती आणि त्यात प्रत्यक्ष इजा मोजल्या नव्हत्या, त्यामुळे उलटी पकड वर्ज्यच आहे असा निष्कर्ष त्यातून काढणे अतिरेकाचे होईल. परंतु तळवे पुढे, हात खांद्यांच्या रुंदीएवढे किंवा किंचित अधिक लांब, ही साधी पकड नवशिक्याने धरावी आणि फार रुंद पकडीचा मोह टाळावा, एवढे निश्चित म्हणता येते. मानेमागे दांडा आणण्याचा जो प्रकार काही ठिकाणी कौतुकाने केला जातो, त्याचा लाभ काही नाही आणि धोका उघड आहे.

आता मुख्य प्रश्न, किती वेळा. याचे उत्तर स्नायूंकडे पाहून दिले जाते तिथेच चूक होते. व्यायामानंतर स्नायूची दुरुस्ती साधारण एक ते दोन दिवसांत बरीचशी उरकते, त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, आणि काही आठवड्यांतच ताकद वाढल्याचे जाणवते. कंडरांचे तसे नसते. त्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी बनलेल्या असतात, त्यांचा रक्तपुरवठा तोकडा असतो, आणि जोरदार भार दिल्यानंतर पहिला एक-दीड दिवस तेथे कोलॅजनची झीज भरीपेक्षा जास्त होते. भर घालण्याचे काम त्यानंतर वरचढ ठरते. म्हणजे जो तरुण सोमवारी जीव तोडून बीम मारतो आणि मंगळवारी, दंड मोकळे वाटतात म्हणून, पुन्हा तितकेच मारतो, तो झीज चालू असतानाच नवी झीज लादतो. स्नायू तक्रार करत नाहीत, उलट आठ-दहा आठवडे प्रगतीच दिसते. आणि मग एके दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे मूठ मिटणारे स्नायू हाडाला जुळतात, तिथे दुखू लागते. बादली उचलताना, दाराची कडी ओढताना दुखणारी ही जागा बरी व्हायला महिने लागतात, आणि तोवर भरतीची तारीख निघून गेलेली असते. किती बीम मारायचे हे ठरवताना प्रत्येक जण ताकदीचा विचार करतो. किती दिवसांनी मारायचे हे मात्र शरीरातील सर्वांत संथ भागाला विचारूनच ठरवले पाहिजे.

म्हणून सामान्य माणसासाठी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, आणि दोन दिवसांच्या मध्ये किमान एक मोकळा दिवस, हे प्रमाण शहाणपणाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही स्नायू बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस करावेत असेच सांगितले आहे. एका दिवशी किती, तर जास्तीत जास्त जितके जमतात त्याच्या एक-दोन अलीकडे थांबून तीन-चार फेऱ्या. ज्याला सहा जमतात त्याने चार-चारच्या फेऱ्या मारल्या तर तो सहा-सहा मारून कोसळणाऱ्यापेक्षा महिन्याभरात पुढे गेलेला दिसतो. ज्याला एकही जमत नाही, आणि पहिल्या दिवशी बहुतेकांना, विशेषतः स्त्रियांना आणि वजन जास्त असलेल्यांना, एकही जमत नाही, त्याने स्टुलावर उभे राहून हनुवटी दांड्यावर न्यावी आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश उतरावे. हे उतरणेही सुरुवातीला मोजकेच, चार-पाच वेळा. कमी उंचीच्या दांड्याखाली पाय जमिनीवर टेकवून आडवे ओढणे हा आणखी सौम्य मार्ग आहे, आणि त्यात पायांना पुन्हा भार वाहायला मिळतो.

रोज करणारे लोकही असतात, आणि त्यांपैकी काहींना काही होत नाही. त्यांच्या पद्धतीकडे पाहिले तर कारण सापडते: ज्याला बारा जमतात तो दिवसातून तीन-चार वेळा, पुरेशा अंतराने, चार-पाचच मारतो आणि कधीही दमेपर्यंत जात नाही. अशा हलक्या रोजच्या सरावाने मज्जासंस्था हालचाल नीट शिकते आणि कंडरांवर मोठा भार येत नाही. रोज करणे आणि रोज थकेपर्यंत करणे यांत हा जो फरक आहे, तो न सांगता ‘रोज करा’ किंवा ‘रोज करू नका’ असा सल्ला देणारा प्रशिक्षक अर्धेच सांगत असतो.

एका धोक्याबद्दल मात्र कोणतीही सौम्य भाषा वापरता येत नाही. बरेच महिने व्यायाम सुटलेला तरुण मित्रांच्या पैजेखातर एकाच दिवशी शंभर-दीडशे बीम पुरे करायला जातो तेव्हा दंडाच्या स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटू शकतात, त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना निकामी करू शकते. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. जगभरच्या वैद्यकीय नोंदींत अशा बळजबरीच्या पुल-अपनंतरचे रुग्ण वारंवार आढळतात, आणि वैशाख-ज्येष्ठातील कोकणच्या दमट उन्हात, पाणी कमी प्यायलेल्या शरीरात, ही शक्यता वाढते. दंड प्रमाणाबाहेर सुजले, हात सरळ होईना, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला तर तेल चोळत किंवा वेदनाशामक गोळी घेत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेत शिरेवाटे द्रव मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

लटकल्याने उंची वाढते या समजुतीने मराठी घरांत कित्येक मुलांना दांड्याकडे पाठवले आहे. लोंबकळताना मणक्यांमधल्या चकत्यांवरील दाब कमी होतो आणि उंची किंचित वाढलेली भासते. सकाळी झोपून उठल्यावरही माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, आणि दोन्ही वाढी उभे राहून काही तास गेले की जिरतात. उंची ठरते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांवरून, त्यामागे आनुवंशिकता आणि बालपणीचे पोषण असते. मुलांनी लटकावे, जरूर लटकावे. खेळ म्हणून, पकड घट्ट होण्यासाठी, भीती जाण्यासाठी. उंचीचे आश्वासन त्यांना देऊ नये.

वयस्कांसाठी हिशोब वेगळा आहे. साठीनंतर रोटेटर कफच्या कंडरा पुष्कळांत काहीही न दुखता झिजलेल्या असतात, आणि मधुमेह असणाऱ्यांत खांदा आखडण्याचा विकार अधिक होतो. अशांनी पूर्ण वजनाने लोंबकळण्याऐवजी पाय जमिनीवर टेकवून दहा-वीस सेकंद हात ताणावेत, आणि हात डोक्यावर नेतानाच दुखत असेल तर आधी अस्थितज्ज्ञाला दाखवावे. श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब झपाट्याने चढतो, म्हणून ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांनी हा व्यायाम थांबवून ठेवावा. इतरांनी वर जाताना श्वास सोडावा.

साधनाबद्दलही थोडे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड आतून खाल्ले जाते, आणि वरून रंग दिलेला असला तर ते दिसत नाही. किनाऱ्यालगतच्या उघड्या व्यायामशाळेत दांडा धरण्यापूर्वी जोडांजवळची पोपडी पाहावी, आधी पाय टेकलेले ठेवून वजन टाकून पाहावे. दाराच्या चौकटीत नुसता पिळून अडकवायचा दांडा पूर्ण वजनासाठी विश्वासाचा नाही. पायांखाली फरशीपेक्षा वाळू बरी, आणि ती तर किहीमला मुबलक आहे.

सैन्यभरतीसाठी दांड्याकडे वळलेल्या मुलांना शेवटी एवढेच सांगायचे की तयारी मेळाव्याची जाहिरात निघाल्यावर सुरू करू नये. कंडरांना भार पेलायला शिकवण्यासाठी सहा महिने लागतात असे धरून चालावे, आठवड्याचे तीन दिवस बीमला द्यावेत, उरलेले दिवस धावण्याला आणि झोपेला द्यावेत, आणि कोपर दुखू लागले तर दोन आठवडे दांडा सोडण्याची लाज बाळगू नये. अलीकडच्या वर्षांतील अग्निवीर भरतीच्या शारीरिक चाचणीत सहा बीमना १६ गुण आणि दहा बीमना ४० गुण आहेत. दहाच्या पुढे मारलेल्या बीमला एकही गुण नाही.